ऑर्थोपेडिक कोडिंग: कोड सापडतो, तरी उत्तर का चुकतं?

कुडाळच्या एका फिजिओथेरपिस्टचा प्रश्न थोडक्यात असा: ‘बी.पी.टी. करून एका क्लिनिकमध्ये काम करते. संध्याकाळी मेडिकल कोडिंगचा ऑनलाइन क्लास लावलाय. हाडांचा विषय मला सोपा जाईल असं वाटलं होतं, उलट तिथेच जास्त चुका होतात. कोड पुस्तकात सापडतो, तरी उत्तर चुकतं. ताई, कुठे अडतंय? आणि सिंधुदुर्गात राहून याचा काही उपयोग होईल का?’

तुला शरीरशास्त्र येतं, तेच आडवं येतंय. मी ऑर्थोचे चार्ट ऑडिट करते, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदींवरून बिलासाठी लावलेले निदानाचे आणि उपचाराचे कोड बरोबर आहेत का ते तपासते. फिजिओ, नर्सिंग, बी.ए.एम.एस. असं करून आलेल्या मुलामुलींच्या चुकांची एक ठरलेली जात असते: डॉक्टरांनी न लिहिलेलं ती मनातून भरतात. बी.कॉम. झालेला मुलगा स्कॅफॉइड (मनगटातलं एक छोटं हाड) कुठे असतं ते विचारत बसेल, पण नसलेलं फ्रॅक्चर कोड करणार नाही. तू करशील. समज, रुग्ण उजव्या हातावर पडलाय, अंगठ्याच्या मुळाशी दाबलं की दुखतंय आणि डॉक्टरांनी लिहिलंय, ‘स्कॅफॉइड फ्रॅक्चर असण्याची शक्यता, पुन्हा एक्स-रे काढावा.’ तुझा हात थेट एस६२.० या फ्रॅक्चरच्या कोडकडे जाणार. पण ओपीडीच्या चार्टमध्ये ‘शक्यता’, ‘असावं’, ‘वगळायचं आहे’ अशा शब्दांवर निदान कोड होत नाही. तिथे फक्त उजवं मनगट दुखतंय एवढंच, म्हणजे एम२५.५३१. गंमत अशी, की रुग्णालयात भरती असलेल्या रुग्णाच्या डिस्चार्जच्या कागदावर हेच वाक्य असेल, तर रुग्णालयाच्या बिलासाठी ते निदान पक्कं धरून कोड करायचं असतं. म्हणून चार्ट उघडल्यावर आधी बघायचं ते हाड नव्हे, तर हा कागद कुठला आणि कुणासाठी.

पुस्तकांचं एका परिच्छेदात उरकते, कारण ते क्लासमध्ये झालं असेल. निदानासाठी आयसीडी-१०-सीएम, डॉक्टरांनी केलेल्या उपचारासाठी आणि ओपीडीतल्या प्रोसिजरसाठी सीपीटी, भरती रुग्णावर रुग्णालयात झालेल्या शस्त्रक्रियेसाठी आयसीडी-१०-पीसीएस. हा सगळा अमेरिकेचा संसार. तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१० लागू झालं. तुझ्यापुढे येणारे चार्ट ओहायोचे, टेक्सासचे असतील आणि त्यात माणसं बर्फावरून घसरलेली असतील. मी मात्र उदाहरणं आपल्याकडची घेते. पाखाडी, माड आणि आंब्याची फांदी डोळ्यांसमोर आली की नियम लवकर बसतो.

आता मुख्य प्रश्न, जिथे सगळ्यात जास्त पैसे अडकतात: कोड ‘एस’चा, म्हणजे इजेचा, की ‘एम’चा, म्हणजे हाडा-स्नायूंच्या आजाराचा?

जुलै महिना, शेवाळलेली पाखाडी, सत्तरी ओलांडलेल्या आजी देवळातून उतरताना घसरल्या आणि उजवा खुबा मोडला. एक्स-रेवर इंटरट्रोकँटरिक फ्रॅक्चर (मांडीच्या हाडाच्या मानेखालच्या उंचवट्यांमधून, म्हणजे ट्रोकँटरमधून गेलेलं), सरकलेलं. पडल्या, मोडलं, म्हणजे इजा. इजांचा अध्याय १९, कोड एस७२.१४१ए. क्लासमध्ये हेच उत्तर बहुतेक जण देतात. पण त्याच चार्टच्या जुन्या आजारांच्या यादीत ‘ऑस्टिओपोरोसिस’ (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) असा शब्द असेल तर उत्तर बदलतं. नियम स्पष्ट आहे: ऑस्टिओपोरोसिस असल्याचं माहीत असलेल्या रुग्णाचं हाड एखाद्या किरकोळ पडण्याने मोडलं आणि तेवढ्या पडण्याने निरोगी हाड सहसा मोडलं नसतं, तर इजेचा कोड नाही, एम८० द्यायचा. वयामुळे आलेला ऑस्टिओपोरोसिस आणि उजवी मांडी, म्हणजे एम८०.०५१ए. बघ, या कोडमध्ये मांडीच्या हाडाची मान मोडली की ट्रोकँटर, याचा उल्लेखच नाही. ती माहिती शस्त्रक्रियेच्या कोडमधून जाते. नवशिक्यांना हे पचत नाही. इतका तपशील हातात असताना कमी तपशिलाचा कोड का, असं वाटतं. पण कोडिंगमध्ये कारण आधी, जागा नंतर.

आणि यादीत ऑस्टिओपोरोसिस नसेल तर? इथे तुझी खरी परीक्षा आहे. वय ७६, बाई, उभ्या उभ्या पडल्या, खुबा मोडला. फिजिओ म्हणून तुला शंभर टक्के ठाऊक असतं की हाडं ठिसूळ आहेत. कोडर म्हणून तुला ते ठाऊक नाही. डॉक्टरांनी लिहिलेलं नाही, तोवर एस७२. शंका असेल तर डॉक्टरांना क्वेरी पाठवायची आणि तीसुद्धा उत्तर तोंडात न घालता. ‘ऑस्टिओपोरोसिस आहे ना?’ असं विचारलेलं ऑडिटमध्ये चालत नाही. ‘फ्रॅक्चरचं मूळ कारण आपल्या मते काय, कृपया नोंदवावं’ असं विचारायचं, पर्याय दिलेच तर वैद्यकीयदृष्ट्या शक्य असलेले सगळे द्यायचे, आणि ‘सांगता येत नाही’ हाही त्यात हवा. तुझं ज्ञान इथे कामाला येतं. क्वेरी कुठे टाकावी हे बी.कॉम.वाल्याला सुचणार नाही, तुला सुचेल.

उलट बाजूनेही हाच घोळ होतो. पस्तिशीचा पाडेली माडावरून खाली आला आणि मांडी मोडली. त्याला कुणी एम८० देणार नाही, ते सरळ आहे. पण गुडघ्यातली गादी फाटली असेल तर? आठ दिवसांपूर्वी कबड्डी खेळताना पाय मुरगळून फाटली तर एस८३.२ च्या घरात. जुन्या इजेची फाटलेली गादी आता त्रास देतेय तर एम२३.२ च्या घरात. खांद्याचा रोटेटर कफ, म्हणजे सांध्याभोवतीचे स्नायुबंध, फाटल्याचं लिहिलंय, पण मार लागल्याचं कुठेच नाही? मग एम७५.१. मार लागला असं लिहिलंय? एस४६.०१. सगळीकडे एकच विचारणा: आत्ताची ताजी इजा, की जुनी, वारंवार होणारी, झिजेची? ते सहसा निदानाच्या ओळीत नसतं. पहिल्या भेटीच्या हकिकतीत असतं. म्हणून हकिकत वगळून थेट ‘निदान’ वाचणारा कोडर ऑर्थोमध्ये टिकत नाही.

जिथे डॉक्टरांनी लिहिलेलंच नाही तिथे पुस्तकानेच काही गृहीतकं दिली आहेत, ती पाठ कर. फ्रॅक्चर उघडं की बंद हे लिहिलं नसेल तर बंद. सरकलेलं की न सरकलेलं हे लिहिलं नसेल तर सरकलेलं. दुसरं तुला पटणार नाही, कारण तू फिल्म बघून ‘सरकलेलं नाही’ म्हणशील. फिल्म बघून कोडरने निदान करायचं नसतं. फ्रॅक्चरचं निदान डॉक्टरांनी केलेलं असेल, तर हाडाचा नेमका भाग रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टमधून घेता येतो. तेवढी मुभा आहे.

आता इजेच्या कोडच्या शेवटचं सातवं अक्षर. त्याला ‘पहिली भेट, दुसरी भेट’ समजून शिकवतात आणि तिथेच नाश होतो. ‘ए’ म्हणजे पहिली भेट नव्हे. मोडलेल्या हाडावर सक्रिय उपचार चालू आहेत तोवर ‘ए’. मालवणच्या रुग्णालयात पाय बांधून पुढे पाठवलं, बांबोळीला दुसऱ्या सर्जननी तपासलं, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं: तिन्ही ठिकाणी ‘ए’. ऑपरेशननंतर टाके, प्लास्टर, हाड जुळतंय का हे बघायला रुग्ण येतो तेव्हा ‘डी’.

यात आपल्याकडचं एक प्रकरण अगदी नियमावलीसाठीच घडल्यासारखं असतं. माणूस पडतो, हाडवैद्याकडून झावळीच्या काड्या बांधून लेप लावून घेतो आणि महिन्या-दीड महिन्याने दुखणं थांबत नाही म्हणून ऑर्थोपेडिककडे येतो. हाड जुळलेलं नाही. ‘के’ द्यावा, कारण ‘के’ म्हणजे न जुळणं? नाही. उपचार घ्यायलाच उशीर केलेल्या रुग्णाला, हाड न जुळलेलं असलं तरी, सुरुवातीचंच अक्षर, म्हणजे ‘ए’. ‘के’ कुणाला? ज्याच्यावर रीतसर उपचार झाले आणि तरी हाड जुळलं नाही, त्याला. त्याच्यावर आज पुन्हा मोठं ऑपरेशन होत असलं तरी ‘के’च. परीक्षेत ही दोन माणसं शेजारी शेजारी ठेवतात.

उघड्या फ्रॅक्चरचं कुळ वेगळं चालतं. हापूस उतरवताना फांदी मोडली, बागायतीतला गडी खाली आला, उजव्या नडगीचं हाड चुरून कातडी फाडून बाहेर. डॉक्टरांनी गस्टिलो टाइप दोन लिहिलंय. उघडं फ्रॅक्चर किती गंभीर याची ही वर्गवारी गस्टिलो आणि अँडरसन यांनी १९७६ मध्ये मांडली, टाइप तीनचे भाग नंतर पडले, आणि अमेरिकेच्या कोडमध्ये ती शिरली आहे: टाइप एक आणि दोनला ‘बी’, तीन-ए, तीन-बी, तीन-सीला ‘सी’. म्हणून एस८२.२५१बी. त्याला कारणाचा कोड जोडायचा: झाडावरून पडणं, डब्ल्यू१४.एक्सएक्सएक्सए. मधले तीन ‘एक्स’ नुसती जागा भरतात, पण एक गाळलास तर कोड परत येईल. जागेसाठी वाय९२.७४, म्हणजे फळबाग. आमच्या रत्नागिरीच्या चार्टना हा कोड रोज लागला असता. आता चूक होते ती जागा: हाच गडी महिन्याने तपासणीला आला, हाड नीट जुळतंय, तर ‘डी’ नाही. ‘डी’ बंद फ्रॅक्चरचा. ‘बी’ने सुरू झालेल्याचा पुढचा प्रवास ‘ई’ने, जुळायला उशीर झाला तर ‘एच’, जुळलंच नाही तर ‘एम’, वाकडं जुळलं तर ‘क्यू’. जखम भरली म्हणून फ्रॅक्चर कोडिंगमध्ये बंद होत नाही. एक लक्षात ठेव, अक्षरांची ही लांब रांग मांडी, नडगी आणि कोपराखालच्या हाडांना आहे. दंडाच्या किंवा मणक्याच्या फ्रॅक्चरला उघड्यासाठी फक्त ‘बी’ आहे आणि पुढे ‘डी’च चालतो. पुस्तकात त्या कोडगटाच्या सुरुवातीला दिलेली यादी दर वेळी वाचायची.

याच ओघात झेड४७ चा, म्हणजे ऑर्थोच्या उपचारानंतरच्या देखभालीच्या कोडचा, मोह टाळ. झिजलेल्या गुडघ्याचा सांधा बदलल्यावरच्या तपासणीला झेड४७.१ बरोबर. पण खुबा मोडला म्हणून अर्धा सांधा बदलला असेल, तर त्या रुग्णाच्या पुढच्या भेटींना मूळ फ्रॅक्चरचाच कोड सातव्या अक्षरासकट. इजेच्या पाठपुराव्याला झेडचे कोड लागत नाहीत. फिजिओथेरपीच्या बिलात ही चूक सर्रास दिसते, आणि तू तिथूनच आली आहेस.

दोन्ही गुडघे झिजलेल्या रुग्णाचंही एक सांगते. आज उजवा बदलला: निदान एम१७.०, म्हणजे दोन्ही गुडघे, प्रोसिजर २७४४७ आणि उजव्याचा मॉडिफायर (कोडला जोडायची दोन अक्षरी खूण) आरटी. सहा महिन्यांनी डावा बदलायला आला, तेव्हा पुन्हा एम१७.० नाही. उजव्यात आता झीज उरलेलीच नाही, तिथे कृत्रिम सांधा आहे. म्हणून फक्त डाव्याचा एम१७.१२ आणि जोडीला उजव्यातल्या कृत्रिम सांध्याचा झेड९६.६५१.

आता शस्त्रक्रिया. इथे मी सगळ्यांना एकच सवय लावते: ऑपरेशन नोटचं शीर्षक हाताने झाकून वाचायचं. सर्जन ऑपरेशन ठरवतात तेव्हा शीर्षक लिहिलं जातं, टेबलावर दुसरंच होतं आणि शीर्षक तसंच राहतं. मनगटाजवळ रेडियस (कोपराखालचं अंगठ्याकडचं हाड) मोडलंय, वर लिहिलंय ‘ओपन रिडक्शन, इंटर्नल फिक्सेशन’, म्हणजे उघडून हाड बसवलं आणि आतून पक्कं केलं. खाली वाचलं तर हाताने हाड बसवलं, सी-आर्मखाली (ऑपरेशनच्या वेळचं एक्स-रे यंत्र) कातडीतून दोन वायर घातल्या, चीर घेऊन फ्रॅक्चर उघडलेलंच नाही. मग तो २५६०६. खरंच उघडून प्लेट लावली असेल तर २५६०७ ते २५६०९ पैकी एक. सांध्यात गेलेलं नसेल तर पहिला, सांध्यात जाऊन दोन तुकडे बसवले असतील तर दुसरा, तीन किंवा अधिक असतील तर तिसरा. तुकडे कुणी मोजायचे? सर्जननी. सीटीच्या रिपोर्टमध्ये चार दिसतात म्हणून तू चार धरायचे नाहीत. फिक्स किती केले ते नोटमध्ये हवं. नुसतं प्लास्टर असेल तर २५६००, हाड जागेवर बसवून प्लास्टर असेल तर २५६०५. पहिलं प्लास्टर त्याच पैशात येतं.

फ्रॅक्चर बंद असणं आणि उपचार ‘क्लोज्ड’ असणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. निदानाच्या पुस्तकात कातडी फाटली का ते बघतात, सीपीटीत सर्जन हाडापर्यंत कसे पोहोचले ते. आणि मांडीत नेल (हाडाच्या पोकळीतली सळी) घालताना फ्रॅक्चरची जागा उघडली नाही, लांबून वरच्या टोकातून नेल सारला, तरी सीपीटी त्याला ओपन उपचारच म्हणतं. आपल्या त्या आजींच्या ट्रोकँटरला नेल लावला तर २७२४५, प्लेट-स्क्रू लावले तर २७२४४. हाडाची मान मोडून अर्धा सांधा बदलला असता तर २७२३६. इथे बरेच जण २७१२५ लावतात, कारण वर्णनात अर्धा सांधा लिहिलेलं असतं. तो फ्रॅक्चरसाठी नाही. त्या आंब्यावरून पडलेल्या गड्याची जखम धुऊन मेलेलं हाड काढलं असेल तर ११०१२ वेगळा मिळतो. नोटमध्ये चामडी, स्नायू, हाड यांपैकी काय काढलं हे नीट लिहिलेलं असावं लागतं, आणि बरेचदा ते नसतं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये उलटा लोभ असतो. सर्जननी गुडघ्यात शिरून सगळीकडे पाहिलं, आतली गादी थोडी कापली, दुसऱ्या कप्प्यातली कूर्चा घासली. नवा कोडर तीन कोड लावतो. मिळतो एक, २९८८१. पाहणं उपचारात धरलेलं असतं, आणि कूर्चा घासणं कुठल्याही कप्प्यातलं असलं तरी त्यात येतं. आतली आणि बाहेरची, दोन्ही गाद्या कापल्या तर २९८८०. मॉडिफायर ५९, म्हणजे ‘ही प्रोसिजर वेगळी’ अशी खूण, लावून तोडून बिल करायचा सल्ला तुला कुणीतरी देईल. नोटमध्ये आधार नसेल तर लावू नकोस. पैसे येतात, नंतर ऑडिटमध्ये व्याजासह परत जातात.

मॉडिफायर आणि ग्लोबल काळ हे एका बैठकीत होण्यासारखं आहे. मोठ्या शस्त्रक्रियेला मेडिकेअरमध्ये (अमेरिकेची सरकारी विमा योजना) ऑपरेशननंतरचे ९० दिवस त्याच पैशात. त्या काळात पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं तर ७८, ठरवून टप्प्याने केलेलं असेल तर ५८, भलत्याच कारणाने केलेलं असेल तर ७९. या तिघांत अडलीस तर ‘दुसरं ऑपरेशन पहिल्यामुळे झालं का?’ हे विचार. पीसीएसच्या सात अक्षरी कोडना घाबरू नकोस, ते तक्त्यातून बांधायचे असतात. उजव्या गुडघ्याचा सिमेंट लावून बसवलेला सांधा ०एसआरसी०जे९. सुरुवातीचं ते शून्य आहे, इंग्रजी ‘ओ’ नव्हे. त्या पद्धतीत ‘ओ’ आणि ‘आय’ ही अक्षरं वापरतच नाहीत.

सिंधुदुर्गात उपयोग किती? स्पष्ट सांगते: इथल्या रुग्णालयात ‘कोडर’ म्हणून जागा क्वचित निघते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारतमध्ये उपचार पॅकेजवर चालतात. त्यांचे कोड त्यांचे स्वतःचे, सीपीटीचा संबंध नाही. खासगी विम्याच्या क्लेम फॉर्मच्या ‘ब’ भागात, जो रुग्णालय भरतं, आयसीडी-१० आणि पीसीएसचे रकाने असतात. ते भरणारी व्यक्ती बहुतेक वेळा बिलिंगच्या टेबलावरची असते. मोठ्या रुग्णालयांच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात जागतिक आरोग्य संघटनेचं मूळ आयसीडी-१० वापरतात. त्यात सातवं अक्षर नाही. उघडं-बंद दाखवायला पाचव्या जागी एक किंवा शून्य. सवय नसली तर तुझा एस७२.१४१ए तिथे हास्यास्पद दिसेल. खरी नोकरी ऐरोली, महापे, पुण्याकडे, आणि अनुभव झाल्यावर घरून. घरून काम म्हणजे रुग्णाच्या माहितीचे अमेरिकन नियम घरी पाळणं: वेगळी खोली, दार बंद, फोन बाहेर. पावसाळ्यात इन्व्हर्टर आणि दोन कंपन्यांचं इंटरनेट याची सोय आधी कर. कुडाळात हे जमतं, आमच्याकडे गावातसुद्धा जमवलेलं आहे.

सीपीसी, म्हणजे कोडरच्या अमेरिकन प्रमाणपत्राच्या परीक्षेत १०० प्रश्न, ४ तास, ७० टक्क्यांना पास, पुस्तकं उघडून. म्हणजे पाठांतराची नाही, पानं किती लवकर उलटतेस याची परीक्षा. सुरुवातीची नोकरी कदाचित ऑर्थोची मिळणार नाही. रेडिओलॉजी किंवा ओपीडी मिळेल, घे. फिजिओथेरपीच्या बिलिंगवर मात्र तू इतरांच्या पुढे असशील. मूल्यमापनाचे ९७१६१ ते ९७१६३ हे कोड २०१७ पासून गुंतागुंतीच्या पातळीवर विभागले आहेत. व्यायामाचा ९७११० पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशेबात मोजतात. रुग्णाला खरोखर किती मिनिटं दिली आणि ती कशी लिहिली, हे तुला कुणी शिकवायला नको.

सरावासाठी ऑपरेशन नोट्स घे. शीर्षक झाक, कोड लिही, मग शीर्षक उघड. जिथे दोन्ही जुळत नाहीत त्या नोट्स वेगळ्या ठेव आणि त्यांच्यावरच वेळ घाल. निदानाचे कोड १ ऑक्टोबरला आणि सीपीटी १ जानेवारीला बदलतात, म्हणून क्लासच्या जुन्या नोट्स तपासून घे. कंबरदुखीला एम५४.५ लिहिलेलं दिसलं, तर ती नोट १ ऑक्टोबर २०२१ च्या आधीची. आता तिथे एम५४.५०, एम५४.५१ किंवा एम५४.५९ लागतो. कमरेच्या चकतीच्या झिजेचा एम५१.३६ ऑक्टोबर २०२४ पासून आणखी फुटला आहे: फक्त कंबर दुखते, फक्त पाय दुखतो, की दोन्ही. हे तू रोज रुग्णाला विचारतेसच.